एका वॉर्डातले तीन ताप

जुलै सरत आला आणि पावसाने जोर धरला, की मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांचे मेडिसिन वॉर्ड भरून जातात. खाटा पुरत नाहीत, मग दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या अंथरल्या जातात. अशा वॉर्डात शेजारीशेजारी तीन तापकरी असणं ही नित्याची गोष्ट. एकाला डेंग्यू, दुसऱ्याला लेप्टो, तिसऱ्याला मलेरिया. तिघांचंही अंग फणफणलेलं, डोकं ठणकतंय, सांधे आणि पोटऱ्या दुखतायत, अन्नावर वासना नाही. पहिल्या दिवशी नुसतं बघून या तिघांना वेगळं काढणं मुरलेल्या डॉक्टरांनाही जमेलच असं नाही. म्हणून रक्त तपासणीला जातं, आणि अहवाल आले की तिन्ही खाटांच्या वाटा वेगळ्या होतात.

लेप्टोच्या रुग्णाला पेनिसिलिन किंवा त्याच्या घराण्यातलं एखादं इंजेक्शन सुरू होतं. दुखणं सौम्य असेल तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. मलेरियावाल्याला क्लोरोक्विन, किंवा घातक जातीचा मलेरिया निघाला तर आर्टेमिसिनिनच्या घराण्यातली औषधं. डेंग्यूच्या रुग्णाला मात्र सलाइन, पॅरासिटामॉल आणि पुन्हापुन्हा रक्ताची तपासणी, बस्स. त्याचे नातेवाईक मग सिस्टरांना अडवतात, "शेजारच्याला एवढी इंजेक्शनं चाललीत, आमच्या माणसाला नुसतं पाणीच का चढवताय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर रुग्णालयाच्या औषधसाठ्यात नाही, जीवशास्त्रात आहे. डेंग्यू विषाणूमुळे होतो, लेप्टो जिवाणूमुळे, तर मलेरिया आदिजीवामुळे. हे आदिजीव जीवशास्त्रज्ञ ज्यांना प्रोटिस्ट म्हणतात त्या गोतावळ्यातले. तिघेही डोळ्यांना न दिसणारे, म्हणून आपण त्यांना एकाच पंगतीला बसवतो. प्रत्यक्षात ते एकमेकांपासून इतके दूरचे आहेत, की त्यांच्या मानाने माणूस आणि आंब्याचं झाड जवळचे नातलग ठरतात. आणि औषधाचा सगळा खेळ या नात्यावरच चालतो. रोगजंतूमध्ये आहे पण माणसात नाही, अशी एखादी गोष्ट सापडली तर तिच्यावर घाव घालता येतो. जंतू आपल्यापासून जितका वेगळा, तितकं औषध सोपं. तो जितका आपल्यासारखा, तितकी पंचाईत. आणि ज्याचं स्वतःचं असं जवळपास काहीच नाही, त्याच्यावर घाव घालायचा तरी कुठे?

लेप्टोपासून सुरुवात करणं सोयीचं, कारण तिथे फरक सर्वांत ठळक आहे. लेप्टोस्पायरा हा जिवाणू सहा ते वीस मायक्रोमीटर लांब असतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडी मात्र जेमतेम ०.१ मायक्रोमीटर. पिळदार अंग, टोकांना आकडे. इतका बारीक, की सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीच्या पद्धतीने तो दिसतच नाही. पार्श्वभूमी काळी ठेवून कडेने प्रकाश टाकावा लागतो, तेव्हा अंधारात वळवळणारी एक चमकती रेघ नजरेला पडते. उंदरांच्या मूत्रपिंडात तो त्यांना फारसा त्रास न देता मुक्काम करतो, त्यांच्या मुतातून बाहेर पडतो, साचलेल्या पाण्यात तग धरतो आणि माणसाच्या पायाला खरचटलेलं असेल तर तिथून आत शिरतो.

मुंबईकरांना हे नाव खऱ्या अर्थाने कळलं ते २००५ मध्ये. २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. लाखो माणसं कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली. पाणी ओसरलं, आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोचे रुग्ण झपाट्याने वाढले. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावं, असं आवाहन महापालिका हल्ली पावसाळ्यात करते. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, भाताच्या खाचरात अनवाणी राबणाऱ्यांना तर हा ताप चांगलाच ओळखीचा आहे.

जिवाणू हा एका पेशीचा, पण स्वतःपुरता पूर्ण जीव. तो खातो, वाढतो, हालचाल करतो, आपली प्रथिनं आपणच बनवतो आणि पुरेसा वाढला की दुभागून एकाचे दोन होतो. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायला मनासारखं खाद्य मिळालं तर त्याला यासाठी वीस मिनिटं पुरतात. लेप्टोस्पायराचं काम संथ, प्रयोगशाळेत तो वाढवायचा तर आठवडे जातात. मात्र या पूर्ण जीवाची मांडणी आपल्या पेशींपेक्षा मुळातच वेगळी आहे. आपल्या पेशीत डीएनए केंद्रकात बंदिस्त असतो. जिवाणूला केंद्रकच नसतं, डीएनए पेशीत मोकळा असतो. बहुतेक जिवाणूंच्या भोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या द्रव्याची जाळीदार भिंत असते. आतला दाब मोठा असल्यामुळे ही भिंत नसली तर जिवाणू फुटून जाईल. हे द्रव्य माणसाच्या शरीरात कुठेच नाही. पेनिसिलिन नेमकं या जाळीचे धागे एकमेकांना जोडणारं विकर बंद पाडतं. वाढणारा जिवाणू भिंत बांधता बांधता फुटतो आणि रुग्णाच्या पेशींना त्याची खबरही लागत नाही, कारण त्यांना भिंतच नाही. ॲलर्जीचा अपवाद सोडला तर पेनिसिलिन एवढ्या मोठ्या मात्रेत देता येतं ते यामुळे. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती मुख्यतः याच औषधासाठी.

डॉक्सिसायक्लिनचा नेम दुसरीकडे असतो. प्रथिनं जिथे जुळवली जातात त्या रायबोसोमवर. रायबोसोम जिवाणूत असतो तसा आपल्यातही असतो, पण जिवाणूचा थोडा लहान आणि वेगळ्या घडणीचा असतो. औषध त्याच्या खाचेत जाऊन बसतं, आपल्या रायबोसोमवर त्याची पकड कमी पडते. या गोळीची पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

इथे जिवाणूंची बाजूही मांडली पाहिजे. रोग देणाऱ्या जाती त्यांच्यात मूठभर. विरजण लावलं की दुधाचं दही करणारे जिवाणूच, तूर आणि भुईमुगाच्या मुळांवर गाठी करून हवेतला नायट्रोजन पिकाला पोचवणारे रायझोबियमही जिवाणूच. माणसाच्या अंगात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, जिवाणूंची संख्या त्याच्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीची भरते. प्रतिजैविकाला त्यांच्यातला रहिवासी कोण आणि घुसखोर कोण हे कळत नाही. साध्या सर्दीवर, म्हणजे विषाणूच्या दुखण्यावर, मेडिकलमधून परस्पर आणलेली 'स्ट्राँग' गोळी विषाणूचं काहीच बिघडवत नाही, पण पोट बिघडवते. शिवाय वाचलेल्या जिवाणूंना त्या औषधाशी लढायची सवय लावते, आणि औषधाला दाद न देण्याची जनुकं जिवाणू शेजारच्या परक्या जातीलाही देऊ शकतात.

जिवाणूंसारखेच दिसणारे, केंद्रक नसलेले, तरी जिवाणू नसलेले आणखी एका गटाचे सूक्ष्मजीव आहेत: आर्किया. अमेरिकेच्या कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये त्यांना वेगळं काढलं. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. तो रंग होता खारट पाण्यात फोफावणाऱ्या आर्कियांचा. रोगांच्या यादीत त्यांचं नाव नाही, म्हणून वॉर्डात त्यांची गाठ पडत नाही.

आता डेंग्यूची खाट. डेंग्यूच्या विषाणूचा व्यास सुमारे ५० नॅनोमीटर, म्हणजे त्या बारीक लेप्टोस्पायराच्या जाडीच्याही निम्मा. आकाराने लहान म्हणून त्याला छोटा जिवाणू समजणं ही फार जुनी चूक आहे. १८९० च्या दशकात रशियात इव्हानोव्स्की आणि हॉलंडमध्ये बायरिंक यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. या गाळणीतून जिवाणू पार होत नाहीत, तरीही गाळलेल्या रसाने निरोगी रोपं रोगी पडली. पुढे १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी या विषाणूचे साखर-मिठासारखे स्फटिक मिळवून दाखवले. बाटलीत पूडरूपाने पडून राहणारी आणि पानाला लागताच पुन्हा पसरणारी ही वस्तू सजीव की निर्जीव, हा वाद तेव्हापासून रंगतोय. खरं सांगायचं तर वाद काहीसा निष्फळ आहे. पेशीबाहेर विषाणू काय आहे यापेक्षा पेशीच्या आत तो काय करतो, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

एडिस जातीच्या डासाची मादी चावली की डेंग्यूचा विषाणू रक्तात उतरतो आणि एखाद्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो. पेशी त्याला खाद्य समजून पिशवीत गुंडाळून आत घेते. पिशवीतली आम्लता वाढते, तिच्यामुळे विषाणूच्या आवरणाचा आकार बदलतो, आवरण पिशवीच्या पटलात मिसळतं आणि आतला आरएनएचा धागा पेशीत मोकळा होतो. जेमतेम ११ हजार अक्षरांचा हा धागा. माणसाच्या जनुकसंचात अशी सुमारे तीन अब्ज अक्षरं असतात. आपले रायबोसोम हा परका धागा आणि घरचा धागा यांत फरक करत नाहीत. ते तो वाचतात आणि विणकराच्या ताग्यासारखं एकच सलग, लांबलचक प्रथिन तयार करतात. मग काही कात्र्या विषाणूच्या, काही आपल्याच पेशीच्या, अशा मिळून त्या ताग्याचे दहा तुकडे होतात. त्यातली तीन प्रथिनं नव्या विषाणूंचं अंग बनतात, उरलेली सात आरएनएच्या नकला काढणं आणि पेशीचा बंदोबस्त ढिला करणं ही कामं करतात. रक्ताच्या अहवालात 'एनएस-१ पॉझिटिव्ह' असं लिहून येतं, ते एनएस-१ याच सातांपैकी एक.

म्हणजे विषाणूकडे भिंत नाही, रायबोसोम नाही, अन्न पचवण्याची सोय नाही. पेनिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन ज्यावर नेम धरतात त्यातलं काहीच नाही. जे यंत्र चालू आहे ते रुग्णाचं स्वतःचं, ते बंद पाडलं तर रुग्णच मरेल. उरतात ती विषाणूची स्वतःची मोजकी प्रथिनं, आणि विषाणूविरोधी औषधं त्यांच्यावरच रोखावी लागतात. नागिणीवर दिलं जाणारं ॲसायक्लोव्हिर यासाठीच चतुर म्हणायचं: विषाणूच्या एका विकराने हात लावल्याशिवाय ते कामच सुरू करत नाही, त्यामुळे निरोगी पेशी बहुतांशी वाचते. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-सी यांच्यावरही अशी परिणामकारक औषधं निघाली. पण प्रत्येक विषाणूची प्रथिनं वेगळी, म्हणून औषधही त्या त्या विषाणूपुरतं. डेंग्यूसाठी वॉर्डात वापरता येईल असं औषध अजून हाती आलेलं नाही. तोवर शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूला आवरेपर्यंत रुग्णाला सांभाळणं, हाच उपचार. आणि तो नावापुरता नव्हे: डेंग्यूत ताप उतरू लागतो त्याच सुमाराला रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो. 'ताप गेला, आता घरी सोडा' असं नातेवाईक म्हणतात, तेव्हाच डॉक्टर जास्त सावध होतात. ते 'नुसतं पाणी' मोजूनमापून दिलं तर जीव वाचवतं.

विषाणूंच्या अभ्यासाशी पुण्याचं नातं जुनं आहे. १९५२ मध्ये तिथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात या संस्थेच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू मिळाला. गावाचंच नाव त्याला पडलं. वाळूमाशीतून पसरणारा हा विषाणू बराच काळ किरकोळ समजला गेला. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात लहान मुलांना मेंदूज्वर होऊन मृत्यू झाले, तेव्हा तपासाचा माग या विषाणूपाशी आला.

तिसऱ्या खाटेपाशी मात्र जरा जास्त थांबायला हवं, कारण मलेरियाचा परजीवी या तिघांत सर्वांत गुंतागुंतीचा आणि आपल्या सर्वांत जवळचा. प्लाझ्मोडियम हा एकपेशीय असला तरी त्याच्या पेशीत केंद्रक आहे, त्यात १४ गुणसूत्रं आहेत, तंतुकणिका आहे, रायबोसोम आपल्या धाटणीचे आहेत. घातक मलेरिया देणाऱ्या फाल्सिपेरम जातीचा जनुकसंच २००२ मध्ये वाचून पूर्ण झाला. त्यात ५,३०० च्या आसपास जनुकं निघाली. डेंग्यूच्या दहा प्रथिनांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. वंशावळ मांडली तर हा परजीवी लेप्टोस्पायराचा नव्हे, माणसाचा जवळचा.

फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांना तो १८८० मध्ये अल्जीरियात एका सैनिकाच्या रक्तात हलताना दिसला. डासाचा धागा जुळायला आणखी सतरा वर्षं लागली. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना ॲनोफिलिस डासाच्या पोटाच्या भिंतीत परजीवीची वाढती अवस्था सापडली, आणि १९०२ चं नोबेल त्यांना मिळालं.

या परजीवीचं आयुष्य दोन यजमानांत आणि कितीतरी रूपांत वाटलेलं आहे. डासाच्या लाळेतून सुईसारख्या बारीक रूपात तो त्वचेत येतो, रक्तातून यकृत गाठतो. तिथे आठवडाभर, कधी जास्त, कसलंही लक्षण न दाखवता एकाचे हजारो होतात. मग ते तांबड्या रक्तपेशींत घुसतात. या पेशी निवडण्यात धूर्तपणा आहे: परिपक्व तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, आपल्या आत कुणी शिरलंय हे पृष्ठभागावर दाखवून प्रतिकारशक्तीला इशारा देण्याची सोयही नसते. परजीवी आत बसून हिमोग्लोबिन खातो, वाढतो, विभागतो, आणि सुमारे ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. असंख्य पेशी एकाच सुमाराला फुटतात तेव्हा रुग्णाला दात वाजवणारी थंडी भरते, मग ताप चढतो, मग दरदरून घाम. एकाआड एक दिवस येणारा हिवताप तो हाच. काही परजीवी नर-मादी रूपं घेतात आणि रक्तात डासाची वाट पाहतात. त्यांचं मीलन होतं ते डासाच्या पोटात.

इतका आपल्यासारखा जीव मारायचा तर फरक शोधून काढावे लागतात. एक फरक त्याच्या खाण्यात सापडला. हिमोग्लोबिन पचवताना हीम नावाचं लोहयुक्त द्रव्य मोकळं होतं आणि ते परजीवीला विषारी असतं. तो त्याचे खडे करून बाजूला टाकतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे काळपट कण ते हेच. क्लोरोक्विन हे खडे होऊ देत नाही, मग परजीवी स्वतःच्या जेवणानेच मरतो. आर्टेमिसिनिनही त्याच लोहाच्या संपर्कात आलं की पेटून उठतं आणि आजूबाजूची प्रथिनं मोडून टाकतं. चिनी वनौषधीतून ते वेगळं काढणाऱ्या तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. क्लोरोक्विनवर मात्र फाल्सिपेरमने केव्हाच तोड काढली: औषध साठतं त्या पिशवीतून तो ते बाहेर उपसतो.

व्हायवॅक्स जातीची खोड निराळी. तिचे काही परजीवी यकृतातच झोपी जातात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी जागे होऊन पुन्हा ताप आणतात. रक्तातल्या परजीवींवर चालणारं औषध या झोपलेल्यांपर्यंत पोचत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि उरलेल्या गोळ्या कपाटात राहतात, हे आरोग्य कर्मचाऱ्यांचं कायमचं दुखणं. त्यात ज्यांच्या शरीरात जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी याच औषधाने फुटू शकतात. परजीवीला मारण्याची आणि माणसाला इजा करण्याची मात्रा इथे फार लांब नसते.

लशीचंही तसंच. गोवर, देवी अशा विषाणूंवरच्या लशी कधीच्या आल्या, पण मलेरियावरची पहिली लस जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली ती थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये. दोन वर्षांनी दुसरी, 'आर-२१', मान्य झाली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. दोन्ही फाल्सिपेरमवरच्या, आणि दोन्हींचा नेम परजीवी डासातून नुकताच आलेला असतो त्या थोड्या मिनिटांवर. तो रक्तपेशीत पोचल्यावर पेशीच्या पृष्ठभागावर आपलं जे प्रथिन मांडतो, त्याच्या साठेक आवृत्त्या त्याच्याजवळ असतात. प्रतिपिंडांनी एक ओळखली की तो दुसरी पुढे करतो.

'आदिजीव' म्हटलं की मलेरिया आणि आव एवढंच आठवतं, पण प्रोटिस्ट हा फार मोकळाढाकळा गट आहे. केंद्रक असलेले, पण प्राणी, वनस्पती किंवा बुरशी यांत न बसणारे सगळे त्यात कोंबलेले. शाळेत चित्र काढलेले अमीबा आणि पॅरामिशियम त्यात आहेत. कोकण किनाऱ्यावर अधूनमधून रात्री लाटा निळ्या उजळवणारा नॉक्टिलुका त्यात आहे. काचेसारख्या कवचातले डायटम त्यातच, आणि पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा हे डायटम करतात.

डॉक्सिसायक्लिनची गाठ पुन्हा पडते ती इथे. मलेरियाच्या भागात जाणाऱ्या प्रवाशांना प्रतिबंध म्हणून ही गोळी दिली जाते. पण ती तर जिवाणूंच्या रायबोसोमवर चालते, मग केंद्रकवाल्या परजीवीला ती कशी बाधते? याचं उत्तर १९९० च्या दशकात मिळालं. प्लाझ्मोडियमच्या पेशीत चार आवरणांचा एक छोटा अवयव सापडला, ॲपिकोप्लास्ट. त्याचा डीएनए वेगळा, त्याचे रायबोसोम जिवाणूच्या घडणीचे. फार फार पूर्वी एका जिवाणूला एका पेशीने गिळलं आणि पचवलं नाही; तो तिच्यात राहून हरितलवक झाला, पेशी शैवाल झाली. पुढे अशाच एका तांबड्या शैवालाला प्लाझ्मोडियमच्या पूर्वजाने गिळलं. त्या शैवालाच्या हरितलवकाचा उरलेला भाग म्हणजे ॲपिकोप्लास्ट. आज त्यात प्रकाशसंश्लेषण उरलेलं नाही, पण परजीवीला लागणारी काही द्रव्यं अजून तिथेच तयार होतात. डॉक्सिसायक्लिन ॲपिकोप्लास्टचं कामकाज थांबवतं. गंमत म्हणजे परजीवी लगेच मरत नाही; त्याची पुढची पिढी मोडका ॲपिकोप्लास्ट घेऊन जन्मते आणि मरते. औषध सावकाश चालतं ते यामुळे. आपल्या स्वतःच्या पेशींतल्या तंतुकणिकाही अशाच गिळलेल्या जिवाणूंच्या वंशज आहेत. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे ठामपणे मांडलं, तेव्हा अनेकांनी ते उडवून लावलं होतं.

म्हणजे तिन्ही खाटांच्या मधल्या भिंती वाटतात तितक्या पक्क्या नाहीत. विषाणूंनीही माणसात घर केलंय: आपल्या डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग प्राचीन विषाणूंचे अवशेष आहे, आणि गर्भाची वार तयार होताना पेशी एकमेकींत मिसळवणारं एक प्रथिन अशाच विषाणूच्या जनुकातून येतं. उलट काही विषाणू जिवाणूंएवढे मोठे निघाले. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका शीतक मनोऱ्यात १९९२ मध्ये अमीबाच्या आत सापडलेला 'जिवाणू' हा प्रत्यक्षात विषाणू आहे, हे २००३ मध्ये उमगलं. त्याच्या जनुकसंचात सुमारे १२ लाख अक्षरजोड्या. मुंबईच्या आयआयटीतल्या किरण कोंडाबागिल यांच्या गटाने पवईच्या तलावात आणि शहराच्या सांडपाण्यात असेच महाकाय विषाणू शोधले. वांद्रे आणि कुर्ला ही नावंही त्यामुळे विषाणूंच्या यादीत गेली आहेत. ते वाढतात अमीबांमध्ये, माणसाच्या वाटेला जात नाहीत.

सूक्ष्मजीवांच्या आपसातल्या भांडणांचा फायदा घ्यायची कल्पनाही जुनी आहे. आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये नोंदवलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात. जिवाणूंना खाणारे विषाणू त्यानंतर दोन दशकांनी हाती लागले. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर हे विषाणू सोडण्याचे प्रयोग आता पुन्हा जोमात आहेत.

डेंग्यूवर औषध नाही, पण त्याच्याविरुद्ध एक जिवाणू कामाला लावला गेलाय. वॉलबाकिया हा जिवाणू असंख्य कीटकांच्या पेशींत राहतो. हत्तीरोगाच्या जंतातही तो असतो, आणि डॉक्सिसायक्लिनने त्याला मारलं तर जंत वांझ होतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्तीमध्ये तो निसर्गतः नसतो. ऑस्ट्रेलियात स्कॉट ओनील आणि सहकाऱ्यांनी तो फळमाशीतून डासात घातला, तेव्हा त्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढेना. हा जिवाणू मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो, त्यामुळे डासांच्या वस्तीत तो आपोआप पसरतो. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरातल्या मोठ्या चाचणीत असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी आढळला. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुद्दुचेरीच्या एका केंद्रीय संशोधन संस्थेनेही वॉलबाकियाचे डास तयार केले आहेत. योग्याकार्तात ते सोडायची पद्धत साधी होती. साचलेलं पाणी ओता, भांडी कोरडी ठेवा, असं ज्या कुटुंबांना वर्षानुवर्षं बजावलं जात होतं, त्यांच्याच अंगणात पाणी आणि डासांची अंडी घातलेली बादली ठेवून ती सांडू नका, असं सांगण्यात आलं.